चाबीवाल्याची सही

दौलतरावांना माज आलाय, ही बातमी राजेंद्र नगरात पसरली ती परेशच्या लग्नापासून. परेश म्हणजे त्यांच्या बायकोचा, इंदिराबाईंचा, भाचा. नवरा-नवरी वाकून पाया पडत होती आणि दौलतराव सरळ समोरच्या पंख्याकडे बघत उभे. इंदिराबाईंच्या माहेरची मंडळी कुजबुजली. दौलतरावांकडची उलट खूश झाली. पणजोबा होळकरांच्या घोडदळात होते, आपल्यात मान खाली घालत नाहीत, हे दर जेवणाला सांगायची त्या घरात रीतच होती. चुलतभावाने तर छातीवर हात मारून जाहीर केलं, "देखा भिया? असली खून."

मग दौलतरावांचं हे असली खून घरात सारखं पडायला लागलं. तेही पुढे नाही, मागे, ओंडका ढकलावा तसं. ताटातल्या पोह्यांवरची शेव दिसेना, वरणाची वाटी कलंडायची. चष्मेवाला दर वेळी तोच मध घातलेला आवाज काढी, नंबर बढ़ गया है अंकलजी, आदत पड़ जाएगी. तीन चष्मे झाले. आदत एकाचीही पडली नाही.

शेवटी मुलगा विपुल त्यांना मेंदूच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर शलाका वयाने लहान आणि बोलायला चटपटीत. त्यांनी पेन वर नेलं, खाली नेलं. पेन खाली गेलं, दौलतरावांची नजर जागच्या जागी. मग त्यांनी दोन्ही हातांनी त्यांचं डोकं धरून हनुवटी वर उचलली, तशी बुबुळं आपोआप खाली सरकली. म्हणजे डोळे ठीक होते. वरून हुकूमच येत नव्हता.

आजाराचं नाव लांबलचक निघालं. ते विपुलने फोनमध्ये टिपून घेतलं. बाकीचं डॉक्टरांनी सोपं करून सांगितलं. मेंदूच्या पेशींत बारीक नळ्या असतात, त्यांवरून पेशीचा माल ये-जा करतो. टाऊ नावाचं प्रथिन त्या नळ्यांना घट्ट धरून ठेवतं. या आजारात टाऊ नळ्यांना सोडतं आणि आपापसात चिकटून त्याचे गोळे होतात. नळ्या विस्कटतात, पेशी मरतात. तोल आणि नजर सांभाळणाऱ्या पेशी आधी.

विपुल हां-हां, ओके-ओके करत राहिला. दौलतरावांना मात्र सगळं एका फटक्यात कळलं. एकतीस वर्षं ते रेल्वेत चाबीवाला होते. रोज सकाळी खांद्यावर हातोडा टाकून महूच्या लाइनवर पायी निघायचं, रूळ धरून ठेवणारी एकेक चाबी बघायची, ढिली असेल ती ठोकायची आणि मग डायरीत सही करायची.

जीभ जड झाली होती, शब्द ओढून काढावे लागत. "म्हणजे चाब्या निघाल्या. आणि त्यांचा ढीग... लाइनवरच पडलाय."

"बिलकुल तसंच, काका."

"ठोकता येतात?"

"अजून नाही. औषधावर काम चाललंय. आपल्या हातात सध्या एवढंच, पडायचं नाही आणि घास घशात अडकू द्यायचा नाही."

"टाऊच आहे, हे तुम्ही बघितलं?"

डॉक्टरांनी नाही म्हणून मान हलवली. लक्षणांवरून आणि तपासण्यांवरून त्या सांगत होत्या. खात्री पटते ती माणूस गेल्यावर, मेंदूचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की. तसे मेंदू अभ्यासाला हवेच असतात, पण देतं कोण.

"मग बघा," दौलतराव म्हणाले. "माझा घ्या."

फॉर्म घरी आला आणि तंटा सुरू झाला. गाठ अशी होती, की दौलतरावांनी सही केली तरी ते गेल्यावर शेवटचा होकार इंदिराबाईंचाच लागणार होता. त्या नको म्हणाल्या की संपलं. विपुलने मध्येच रहने दो ना पपा, अभी क्या जल्दी है, असं करून पाहिलं आणि आईबाप दोघांचीही बोलणी खाल्ली.

"अर्धा माणूस मी अग्नीला देऊ?" इंदिराबाई एवढंच म्हणाल्या आणि फॉर्मवर लोणच्याची बरणी ठेवून दिली.

दौलतराव हटले नाहीत. दुपारी बायको आडवी झाल्येय असं बघून ते भिंत धरत टेबलापर्यंत आले. बरणी चाचपून सरकवली, पेन उघडलं आणि सह्या ठोकल्या. एक मेणकापडावर, एक वर्तमानपत्रावर, एक विपुलच्या वीजबिलावर. फॉर्म कोराच. खाली बघायचं तेवढं त्यांना जमत नव्हतं.

इंदिराबाईंनी उठून तो पसारा बघितला. फोन उचलून गॅलरीत गेल्या आणि डॉक्टर शलाकांना त्यांनी पाऊण तास धारेवर धरलं. किती तासांत नेणार, चेहऱ्याला हात लावणार का, त्याच दिवशी घरी आणणार ना, आणि विधी? चेहरा तसाच राहील, काही तासांचंच काम, मग सगळे विधी घरच्या रीतीने करा, असं डॉक्टर परत परत सांगत राहिल्या. शेवटचा प्रश्न इंदिराबाईंनी आवाज उतरवून विचारला. त्यातून काहीच कळलं नाही तर? डॉक्टर म्हणाल्या, तर काय कळलं नाही ते तरी कळेल, काकू.

आत येऊन त्यांनी स्वयंपाकघरातून पोळपाट आणला, त्यावर फॉर्म कपड्यांच्या चिमट्याने अडकवला आणि पोळपाट दोन्ही हातांनी नवऱ्याच्या डोळ्यांसमोर धरला, आरसा धरावा तसा.

"वाचा. हात दुखायच्या आत."

दौलतरावांनी घाई केली नाही. ओळ न् ओळ वाचली. दोनदा पोळपाट सरळ करायला लावला. तिसऱ्या ओळीवर बोट टेकवलं.

"वय चुकलंय. अडुसष्ट."

"सदुसष्ट लिहिलंय ना. एका वर्षाने काय होतं?"

त्यांनी बोट तिथून हलवलं नाही. इंदिराबाईंनी पोळपाट मांडीवर घेतला, आकडा खोडला, नवा लिहिला, शेजारी आपली सही केली. पानाच्या तळाशी साक्षीदाराच्या जागीही केली. मग पोळपाट पुन्हा वर धरला, कोपर टेबलावर रोवून, आणि दौलतरावांनी पेन उचललं.