लेकीचं ब्रेकडाउन रजिस्टर

आमच्या घरात राग माझ्याकडून आला, असं बायकोचं म्हणणं. खाण तशी माती. त्यामुळे आमच्या दहा वर्षांच्या लेकीने पहिल्यांदा वरणाची वाटी भिंतीवर फेकली, तेव्हा बायकोने भिंतीकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. मीही लौकिकाला जागलो. इतका ओरडलो की समोरच्या गुजराती काकी दार उघडून "शुं थयुं?" विचारायला आल्या.

मी सिल्वासात एका धाग्याच्या कारखान्यात मेंटेनन्स इंजिनिअर आहे. पाळी दर आठवड्याला बदलते, म्हणून लेक मला कधी फक्त सकाळी दिसायची, कधी फक्त संध्याकाळी. बायकोला ती सगळीच्या सगळी दिसायची. बहुधा म्हणूनच एक दिवस बायको म्हणाली, "मला ही हट्टी वाटत नाहीये हो. आजारी वाटतेय."

"आजारी माणूस नेम धरून वाट्या फेकत नाही," मी म्हणालो. या उत्तराचा मला तेव्हा चांगलाच अभिमान वाटला होता.

चार महिन्यांत ही फेकाफेक शाळेत पोहोचली. लेकीने एका मुलीची वही टराटरा फाडली आणि अडवायला आलेल्या बाईंच्या हाताला चावली. मुख्याध्यापिकांनी आम्हाला बोलावून, चहा पाजून सांगितलं की पुन्हा असं झालं तर दाखला घेऊन जा. त्याच आठवड्यात नाशिकहून माझ्या थोरल्या बहिणीने एका निवासी शाळेचा फॉर्म पाठवला. फोनवर म्हणाली, "लाडाने शेफारलीय ती. दोन वर्षं तिकडे काढू दे, सुतासारखी सरळ होऊन येईल." फॉर्म दोन महिन्यांच्या आत पोहोचायला हवा होता. विसरू नये म्हणून मी तो फ्रिजच्या दारावर चुंबकाने अडकवला. लेक पाणी प्यायला उठली की दर वेळी तो वाचत उभी राहते, हे मला बायकोने नंतर सांगितलं.

मला तिला पाठवायचं नव्हतं. पण आपल्याजवळ ठेवून आपणच तिला बिघडवतोय, ही भीतीही पाठ सोडत नव्हती. हट्टी असेल तर शिस्त हवी, आजारी असेल तर औषध हवं, आणि यात माझी गफलत झाली तर भोगणार ती. कँटीनमध्ये बसून मोबाईलवर वाचलं. एक यादी हट्टी, उद्दाम मुलांची, दुसरी मनाने खचलेल्या मुलांची. चिडचिड, शाळेचा कंटाळा, मोठ्यांशी भांडण. माझी लेक दोन्ही याद्यांत सापडली.

मग मला जे येतं ते मी केलं. आमच्याकडे मशीन बंद पडलं की रजिस्टरमध्ये नोंद होते: वेळ, काय झालं, किती वेळ बंद, कारण, उपाय. नोंदी नीट असल्या की दुखणं सापडतं, यावर माझा देवापेक्षा जास्त विश्वास. शिवाय नव्या फिटरना मी ऐटीत सांगत असतो की ओरडणारं मशीन कुणालाही कळतं, न बोलता तापणारं बेअरिंग हात लावून शोधायचं असतं. घरी एक दोनशे पानी वही घेतली, पट्टीने रकाने आखले आणि लेकीचं रजिस्टर सुरू केलं. मी नसेन तेव्हा बायकोने फोनवर सांगायचं, मी लिहायचं. बायको म्हणाली, "पोरीचं पण रजिस्टर?" मी म्हणालो, डॉक्टरला पुरावा लागतो.

सहा आठवडे भरल्यावर आम्ही तिला वापीला घेऊन गेलो. लहान मुलांच्या मनाच्या डॉक्टर, गुजराती बाई. त्यांनी आधी लेकीला एकटीला आत घेतलं. आम्ही बाहेर बाकावर बसलो. आतून काही ऐकू येत नव्हतं. ती आत काही फेकेल म्हणून मी कान देऊन होतो, आणि काहीच पडत नाही म्हणून जास्त घाबरत होतो. मग लेक बाहेर आली, खाली मान घालून मदतनीस बाईंजवळ जाऊन बसली, आणि आम्हाला आत बोलावलं.

मी वही पुढे केली. डॉक्टरांनी पानं उलटली. "बहोत अच्छा लिखा है," त्या म्हणाल्या आणि मी सावरून बसलो. मग त्यांचं बोट एका ठिकाणी थांबलं. "ये मंगळ, बुध, गुरुवार खाली है?"

"त्या दिवशी काही झालं नाही मॅडम. चांगले दिवस होते."

"चांगले म्हणजे? हँसी? खेली? किसके साथ?"

मी बायकोकडे पाहिलं. ती टेबलाकडे बघत हळूहळू सांगू लागली. "शाळेतून येते आणि युनिफॉर्ममध्येच पडते. भिंतीकडे तोंड करून. मैत्रिणी बोलवायला यायच्या, आता येत नाहीत. जेवायला उठवलं की मग वाटी." मी तुम्हाला सांगत होते, असं ती म्हणाली नाही. म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं.

कारण हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात मी साडेतीनला घरी येई. लेक अशी पडलेली दिसली की चपला हातात घेऊन आत जाई आणि बायकोला सांगे, "आज शांत आहे, उठवू नकोस." मग त्या दिवसाचा रकाना समाधानाने कोरा सोडून देई.

डॉक्टरांनी आणखी पानं उलटली आणि पुन्हा थांबल्या. वही माझ्याकडे फिरवली. माझंच अक्षर होतं. "सात चाळीस. उलट उत्तर: मी नसते तर तुमचं बरं झालं असतं. वीस मिनिटं. कारण: नाटक. उपाय: खोलीत बसवून बाहेरून कडी."

"हे तुम्ही लिहिलं?" त्यांनी विचारलं. बायकोने तोंडावर पदर धरला. मला माझ्या हाताची शिसारी आली.

त्या रागावल्या नाहीत. आजाराचं नाव आज सांगणार नाही, दोन-तीनदा भेटू दे, म्हणाल्या. "हट्टी हो या उदास, गुस्सा तो दोनों में होता है, भाई. दोन गुस्से के बीच में बच्चा कैसा है, वो देखना पडता है." मुलं उदास झाली की रडतीलच असं नाही, चिडतातही. हट्टी मूल भांडण संपलं की बऱ्याचदा पुन्हा खेळायला पळतं. तुमची पळते का? मग त्यांनी आवाज खाली आणला. घरातल्या गोळ्या, फिनेल, ब्लेड कुलपात ठेवा. तिला एकटीला कोंडू नका. ती पुन्हा असं बोलली तर गप्प करू नका, जवळ बसून विचारा, आणि मला लगेच फोन करा.

उठता उठता मी विचारलं, "हॉस्टेलला पाठवलं तर?"

"ती म्हणते मी नसते तर बरं. तुम्ही पाठवून दिलं, तर तिला काय समजेल?"

परतताना दादरा लागलं. वनगंगेच्या बागेचं फाटक समोरून गेलं. वर्षभरापूर्वी ही मुलगी दर रविवारी तिथल्या होडीसाठी डोकं खायची. मग तिने मागणं सोडलं आणि मी म्हणालो होतो, सुटलो बुवा. "थांबायचं का?" मी आरशात बघून विचारलं. "नको," ती म्हणाली. मी गाडी हळू केली होती, तशीच पुढे नेली.

घरी येताच गोळ्यांचा डबा कुलपात गेला, खोलीची बाहेरची कडी मी स्क्रू काढून उतरवली. फॉर्म फ्रिजवरून काढला. फाडला नाही, तेवढा शूर मी नाही. कपाटात कपड्यांखाली ठेवला आणि बायकोला सांगितलं की पाठवत नाही. आता लेकीला मोकळं वाटेल, असं धरून चाललो.

त्यानंतरचे चार दिवस एकही वाटी फुटली नाही. पूर्वी मी पेढे वाटले असते. आता कारखान्यातून तीनदा फोन करून बायकोला विचारायचो, काय करतेय? तिचं एकच उत्तर, पडलीय.

पाचव्या दिवशी पाळी बदलली आणि मी साडेतीनला घरी आलो. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी आवाज करत चपला काढल्या आणि तिच्या पलंगावर जाऊन बसलो. तिच्या पाठीवर हात ठेवला. पाठ आखडली.

"पप्पा, आज मी काही नाही केलं," ती भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाली.

"माहीत आहे. म्हणूनच आलोय."

मग तशीच, न वळता तिने विचारलं, "फॉर्म पाठवलास ना तू?"

चार दिवस ती फ्रिजचं रिकामं दार बघत होती. फॉर्म पाठवत नाही, हे मी बायकोला सांगितलं होतं. लेकीला सांगायचं राहून गेलं होतं.

मी उठलो, कपाटातले कपडे खाली फेकले आणि फॉर्म आणून तिच्या हातात दिला. ती उठून बसली. पुढून पाहिला, मागून पाहिला, नावाच्या जागेवरून बोट फिरवलं. तिथे काही लिहिलेलं नव्हतं. "माझ्याकडे ठेवू?" तिने विचारलं. ठेव, म्हणालो. तिने त्याची घडी घालून उशीखाली सरकवली, आणि मग कित्येक महिन्यांत पहिल्यांदा काहीही न फेकता, माझ्या शर्टात तोंड खुपसून रडली. किती वेळ, ते मी पाहिलं नाही.