हात न लावता तपासलेलं मूल

“आत नको आणूस त्याला. आमचं बाळ आहे घरात.”

डोंबिवलीतल्या त्या फ्लॅटच्या दारात बाळाच्या आजींनी हात आडवा धरला. आईच्या कडेवर माझा भाऊ होता, दोन वर्षांचा. श्वास घेताना त्याच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या. मी आईचा पदर धरून उभी. पाचवीत होते.

हे घर आम्हाला नवं नव्हतं. आई मोहन्याहून रोज इथे यायची. बाळंतिणीला तेल लावायची. बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालायची. सगळे तिला मावशी म्हणायचे. फक्त शेवटचा तांब्या आजी स्वतः ओतायच्या. आईच्या हातचं पाणी बाळाच्या अंगावर शेवटचं राहायला नको म्हणून.

“त्यांची रीत असते,” आई म्हणायची. मलाही ते पटायचं.

बाळाचे वडील मुलांचे डॉक्टर. म्हणून तर आई भावाला तिथे घेऊन आलेली.

डॉक्टर आले. दाराच्या आतच थांबले. “शर्ट वर कर त्याचा.” लांबूनच बघितलं.

“सरकारी दवाखान्यात ने, मावशी. आत्ताच्या आत्ता.”

“साहेब, जरा हात लावून बघा ना. अंग भाजतंय नुसतं.”

“अगं, माझी आंघोळ झालीये. पूजेला बसायचंय.”

आणि मागून आजी, “उद्या येशील ना गं? बाळाचं तेल चुकायला नको.”

आईच्या तोंडून सवयीने ‘हो’ निघालं.

“नाही येणार ती,” मी म्हणाले.

“जीभ बघा पोरीची!”

“तुमच्या बाळाला माझ्या आईचा हात चालतो. मग आमच्या बाळाला तुमचा का नाही?”

दार लागलं.

रिक्षात आईने मला एक ठेवून दिली. मग रडली. पण त्या घरी ती पुन्हा गेली नाही.

सरकारी दवाखान्यात एका नर्सने भावाला आईच्या हातातून सरळ उचलून घेतलं. आडनाव विचारलं नाही. न्युमोनिया होता. वाचला.

आज मी ठाण्यात नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. परवा वर्गात मॅडमनी विचारलं, मुलांचाच वॉर्ड का हवा? कुणी म्हणालं, मुलं गोड असतात. कुणी म्हणालं, सेवेची आवड. मी ती आंघोळ सांगितली, पूजा सांगितली. मॅडम माझ्याकडे वळल्या.

“एवढा राग घेऊन लहान मुलांमध्ये काम करणार तू?”

“राग मुलांवर नाहीये, मॅडम.”

मला सेवाभावी म्हणू नका. आजारी पोराला माणसाचा हात लागणं हा उपकार नाही, त्याचा हक्क आहे. मी त्या हक्काच्या नोकरीला निघालेय. वॉर्डात कुणी मोठा डॉक्टर एखाद्या पोराकडे लांबून बघून पुढे सरकला, तर मी त्याला सगळ्यांसमोर हाक मारणार. तो मागे फिरेपर्यंत मारत राहणार.