वर धरलेला वस्तरा

जुन्या विमानतळाच्या भिंतीला लागून, मारतहळ्ळीकडे जाताना, आमच्या न्हावीकाकांचं दोन खुर्च्यांचं सलून आहे. डोक्यावरून विमान गेलं की ते वस्तरा गालावरून उचलतात आणि आरसा थरथरायचा थांबेपर्यंत हवेत धरून ठेवतात. ही शिस्त वडिलांची. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वडील इथे गोऱ्या वैमानिकांच्या दाढ्या करत. "एकाचंही रक्त काढलं नाही," घराण्याचा इतिहास ते एवढाच सांगतात.

प्रवासी विमानं शहराबाहेरच्या नव्या विमानतळावर गेल्यापासून वस्तरा क्वचितच वर जातो. हात सवय विसरेल, ही त्यांची खरी काळजी.

परवा भिंतीपलीकडे विमानतळाच्या वारशाचा समारंभ होता. कर्ण्यावरून पाहुणे चौथ्यांदा 'गगनभरारी' म्हणाले, तेव्हा माझी अर्धी दाढी झाली होती. त्यांनी वस्तरा उचलला.

"अहो, विमान नाही, भाषण आहे."

"गोत्तु अण्णा, कळतं मला. स्वल्प थांबा. शेवटी एक जुनं विमान उडवणार म्हणालेत."

भाषण संपलं. आभार झाले. चहा कुठे आहे, तेही जाहीर झालं. विमान आलं नाही, आणि माझ्या गालावरचा फेस वाळला.

"सरी, असू दे," म्हणत त्यांनी ब्रश भिजवून पुन्हा फेस लावला. वस्तरा मात्र वरच राहिला. मला ऑफिसला उशीर होत होता, पण "आता करा" म्हणवेना. आरसा हलतोय का, हे मीही पाहत होतो.