लेकीची उंची आणि चमचाभर दही-साखर

माझी मुलगी चौथीत होती तेव्हा तिच्यापेक्षा लहान असलेला चुलतभाऊ तिच्याहून उंच झाला. दिवाळीला सगळे जमले की कुणीतरी म्हणायचंच, "मूर्ती लहान पण कीर्ती महान!" मला असा संताप यायचा की हातातला झारा पाठीत घालावा. कीर्ती तिला नकोच होती. तिला कबड्डीच्या संघात जायचं होतं, आणि शाळेतल्या बाई तिला दरवेळी पाणी वाटायला उभी करत. एकदा तिनं सरळच विचारलं, "आई, मी अशीच राहणार का?" मी तिला जवळ घेतलं.

सल्ले देणाऱ्यांची मात्र मुळीच कमतरता नव्हती. लटकू द्या, पोहायला घाला, अश्वगंधा द्या. शेवटी तिच्या नेहमीच्या डॉक्टरांनी आम्हाला हार्मोनच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. हाताचा एक्स-रे बघून त्या म्हणाल्या की हाडं वयाच्या मागे आहेत, पण त्यांची टोकं अजून वाढू शकतात. ती जुळली की उंची संपली, म्हणून वेळ घालवायचा नाही.

"मग आत्ताच रक्त तपासा ना, वाढीचं हार्मोन किती आहे ते," मी म्हटलं.

त्या हसल्या. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. ती हे हार्मोन सारखं सोडत नाही, मधूनमधून झोतानं सोडते, आणि सगळ्यात जास्त गाढ झोपेत. मेंदूकडून तिला एक हुकूम जातो 'सोड', आणि दुसरा जातो 'थांब'. "तुमचा नळ सकाळी येतो ना? दुपारी तोटी उघडून पाणी आलं नाही, तर टाकी कोरडी म्हणाल का?" म्हणून मुलीला उपाशीपोटी एक गोळी देऊन त्या ग्रंथीला डिवचायचं आणि थोड्या थोड्या वेळानं रक्त घ्यायचं, असं ठरलं.

घरी मी सगळ्यांना बजावलं की सकाळी पोरीला उपाशी न्यायचं आहे. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, सर्वांत आधी मान हलवली. माणूस शिस्तीचा, जन्म कारकुनीत गेलेला. मी गाडी काढायला खाली गेले तेव्हा पोरगी त्यांच्याजवळ, तिच्या आबाजींजवळ होती, म्हणून मी निर्धास्त होते.

सुई टोचायच्या आधी सिस्टरनी विचारलं, "काही खाल्लं नाही ना?" मी ठणकावून "नाही" म्हटलं.

"फक्त आबाजींनी हातावर दही-साखर दिली," पोरगी म्हणाली. "मी अजून मागितली, मग अजून दिली."

तपासणी तिथंच थांबली. रक्तात साखर चढली की मेंदू ग्रंथीला 'थांब' म्हणतो. आज आकडा कमी आला असता, तर तो आजारानं की साखरेनं, हे ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. पुढची तारीख पुढच्या महिन्यातली मिळाली.

मी तणतणत घरात शिरले. "मामाजी, उपाशी न्यायचं म्हटलं होतं ना मी!"

त्यांना खरंच उमजेना. "अवं सूनबाई, दही-साखर तं उपासालेही चालते! एवढ्या मोठ्या कामाले पोरीले कोरड्या तोंडानं कशी धाडू मी?"

आमच्याकडे साबुदाण्याची उसळ, बटाट्याचा कीस आणि वर वाटीभर दही चापून माणसं उपाशी असतात. भांडी आपटून मी राग काढला. पोरगी मात्र आबाजींच्या मांडीला टेकून त्यांना 'सोड' आणि 'थांब' समजावत बसली.

पुढच्या वेळी ते दारात नुसतेच उभे राहिले, तिच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि आम्ही परत येईपर्यंत स्वतःही जेवले नाहीत. गोळीनं डिवचूनही हार्मोन जेमतेम चढलं. दुसरं औषध देऊन केलेल्या तपासणीतही तेच निघालं. वाईट वाटायला हवं होतं, पण मला सुटल्यासारखं झालं. दुखण्याला आता नाव होतं आणि नावाला औषध.

"गोळी नाही का म्याडम, सुईच काहून?" मामाजींनी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, हे हार्मोन म्हणजे प्रथिनाची एक लांब साखळी, ठरावीक घड्या घातलेली. पोटात गेली की डाळीसारखी पचून जाईल. म्हणून रोज झोपायच्या आधी मांडीत सुई. सुरुवातीला ती रडायची आणि मी तोंड फिरवून डोळे पुसायचे. हळूहळू आज मांडी कुठली, हे तीच सांगू लागली.

हिवाळा सरता सरता एका सकाळी ती शाळेला निघताना दारात फतकल मारून बसली. "आई, बूट चावून राहिले." मी म्हटलं, नाटकं नकोत, उशीर होतोय. मामाजी गुडघे धरत खाली बसले, त्यांनी बुटाच्या टोकावर अंगठा दाबला.

"कुठी दुखते?"

"इथंच, आबाजी. बोटं मावूनच नाही राहिले."

त्यांनी पुन्हा दाबून पाहिलं. मग माझ्याकडे बघितलं, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "सूनबाई, बूट लहान झाले वं पोरीले!"

"तं रडता काहून आबाजी?" ती करवादली. "दुखून तं मले राहिलं!"

त्या दिवशी ती चपला घालून शाळेत गेली. बाईंना चिठ्ठी दिली असती तरी भागलं असतं, पण 'बूट लहान झाले' हे कारण सांगायला मी स्वतः गेले.