गोळी आधी, न्याहारी नंतर

“यांनी सकाळपासून काय खाल्लंय?”

कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरीणबाईंनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. माझा नवरा समोर पलंगावर आडवा. डोळे अर्धे उघडे, पण ओळख नाही. उजवा खांदा भलतीकडेच सरकलेला, अंगातला टी-शर्ट घामाने चिंब. मला वाटत होतं हार्ट अटॅक आला, आणि ही बाई न्याहारीची चौकशी करतेय!

“काही नाही,” मी म्हटलं. “जिमला उपाशीपोटीच जातात.”

“शुगरची गोळी चालू आहे?”

“आहे. ती घेऊन गेले. ती कधी चुकवत नाहीत.”

त्यांनी ह्यांच्या बोटाला सुई टोचली, मशीनवरचा आकडा बघितला आणि नर्सला ओरडून ग्लुकोज लावायला सांगितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “सिव्हिअर हायपोग्लायसेमिया आहे.” म्हणजे रक्तातली साखर जिवावर बेतेल इतकी खाली जाणं. मेंदू साखरेवर चालतो. ती मिळेनाशी झाली की माणूस आधी थरथरतो, मग काहीबाही बरळतो, मग त्याला झटके येतात आणि शुद्ध हरपते. ह्यांचं सगळं क्रमाने झालं होतं. आम्हांला कळलं ते शेवटचं.

शिरेतून ग्लुकोज गेलं आणि थोड्या वेळात ह्यांनी डोळे नीट उघडले. मला बघून म्हणाले, “काय गो, तू कशाला आलीस इथे?” त्या वेळी रडू यायला हवं होतं. मला आला तो राग. तो अजून गेलेला नाही, आणि जाईपर्यंत थांबले तर हे लिहिणं व्हायचं नाही. तुमच्या घरात कोणी साखरेची गोळी घेत असेल आणि त्याला अचानक व्यायामाचं वेड लागलं असेल, तर एवढं वाचा.

आम्ही मांडवीला राहतो. हे व्यापारी बोटीवर चीफ कुक. आठ महिने पाण्यावर, मग चार महिने घरी, असं आमचं लग्न झाल्यापासून चाललेलं. मुलगी पुण्यात शिकते. नवीन करार करायच्या आधी मुंबईला मेडिकल करावं लागतं. मागच्या वेळी तिथल्या डॉक्टरने ह्यांना परत पाठवलं. वजन जास्त, साखर जास्त. “दोन्ही खाली आणा आणि तीन महिन्यांनी या,” म्हणाला. बोटीवरच्या माणसाला मेडिकलमध्ये नापास होणं म्हणजे काय, ते त्याच्या घरच्यांना विचारा. बोट थांबत नाही. तुमच्या जागी दुसरा कुक चढतो आणि पन्नाशीला टेकलेल्या माणसाला मग कोणी फोन करत नाही.

इथल्या डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. ग्लिमेपिराइड. ही गोळी स्वादुपिंडाला दामटून इन्शुलिन सोडायला लावते. तुम्ही जेवलात की नाही हे तिला कळत नाही, ती आपलं काम करतेच. हे मला आत्ता माहीत आहे. तेव्हा दवाखान्यात एवढंच सांगितलं, “सकाळी, न्याहारीच्या आधी.” बाहेर वीस माणसं ताटकळत होती. आम्हीही ‘बरं’ म्हटलं आणि उठलो.

त्याच आठवड्यात हे जिमला जायला लागले. तिथला ट्रेनर कोवळा पोरगा, दंड मात्र नारळाएवढे. त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं, “काका, खाऊन यायचं नाही. खाऊन आलात तर खाल्लेलंच जळेल. उपाशीपोटी आलात तर चरबी जळेल.” ह्याला म्हणे फास्टेड कार्डिओ म्हणतात, म्हणजे रिकाम्या पोटी धावणं, सायकल मारणं. ह्यांना ते भयंकर पटलं. मला म्हणाले, “सोपं आहे गो. चूल पेटवायची असली की आधी जुनी राख काढायला लागते.” कुकच तो, त्याला चुलीपलीकडचं काय सुचणार!

जिमने फॉर्म भरून घेतला. त्यात उंची होती, वजन होतं, टी-शर्टची साइझ होती. कुठलं औषध चालू आहे का, हे नव्हतं. आणि असतं तरी ह्यांनी लिहिलं नसतं. आमच्याकडे दर तिसऱ्या घरात कोणीतरी बोटीवर. ‘अमक्याला साखर झाली’ हे एकदा फुटलं की संध्याकाळपर्यंत बोटीवर माणसं पाठवणाऱ्या एजंटच्या कानावर गेलंच म्हणून समजा. म्हणून ह्यांनी गोळीची पट्टीसुद्धा शेव्हिंगच्या डब्यात ठेवली होती.

माझ्या माहेरी शेती. आमच्याकडे माणूस पेज प्यायल्याशिवाय शेतावर जात नसे. उपाशीपोटी नांगर धरलाय असा एक तरी माणूस दाखवा मला. मी ह्यांना म्हटलंही, “निदान वाटीभर पेज घ्या.” तर म्हणाले, “तुझे बाप-भाऊ नांगर धरायचे, त्यांना कोणी वजन विचारत नव्हतं.”

तर आमचं वेळापत्रक असं झालं. पहाटे उठायचं, गोळी घ्यायची, कारण ती न्याहारीच्या आधी घ्यायची. मग जिम. मग घरी येऊन आंघोळ, देवपूजा, आणि मग न्याहारी. न्याहारी तीन तास पुढे सरकली, गोळी जागची हलली नाही. कागदावर बघितलंत तर आमची चूक कुठेच नाही. गोळी न्याहारीच्या आधीच होती ना!

महिन्याभरात वजन झरझर उतरलं. लोक वाटेत थांबवून विचारायचे, हे खूश. पण घरी आले की हात थरथरत असत. ओठ पांढरे. ट्रेनर म्हणायचा, सवय होईल. शांत स्वभावाचा माणूस, पण एकदा टॉवेल जागेवर नव्हता म्हणून माझ्या अंगावर खेकसले. एका सकाळी जिमहून आल्या आल्या माशाचं कालवण करायला घेतलं आणि त्यात दोनदा मीठ घातलं. बोटीवर पंचवीस माणसांचं जेवण चवीला एकसारखं करणारा माणूस हा! ते कालवण मी ओतून दिलं आणि मनात म्हटलं, मेडिकलचं टेन्शन आहे. टेन्शन नव्हतं. साखर उतरत होती, आणि घरी येऊन न्याहारी केली की परत चढत होती. रोज सकाळी हा माणूस कड्याच्या टोकापर्यंत जाऊन परत येत होता.

मग संकष्टी आली. हे संकष्टी सोडत नाहीत, बोटीवरसुद्धा. दिवसभर पाणी आणि बिनसाखरेचा चहा. चंद्रोदयानंतर मी पान वाढलं, एक मोदक आणि थोडा वरणभात खाल्ला आणि उठले. “उद्या जिममध्ये वजन आहे,” म्हणाले. सकाळी नेहमीप्रमाणे गोळी घेतली आणि गेले.

फोन ट्रेनरचा आला. “काकी, काका पडले.”

मी पोचले तेव्हा लोक गोळा झाले होते. ट्रेडमिलवरून खाली पडले, अंग ताठ झालं, हातपाय झाडले, असं सांगत होते. फीट आली म्हणून कोणी नाकाला कांदा लावत होतं, कोणी चप्पल. एक गृहस्थ ह्यांचे दात उघडून पाणी ओतायला बघत होता. अख्ख्या जिममध्ये शक्तीचे डबे थप्पीने रचलेले, आणि ह्या माणसाला साखर हवी आहे हे एकालाही कळलं नाही. मलाही नाही. मी पदराने वारा घालत होते.

इथे एक सांगते, डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलेलं. साखरेची गोळी किंवा इन्शुलिन घेणारा माणूस थरथरायला लागला, घामाघूम झाला, वेड्यासारखं बोलायला लागला, तर शुद्धीत असेतो त्याला साखर द्या. साखरेचं पाणी, गूळ, काय हाताशी असेल ते. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, श्वासनलिकेत जाईल. कुशीवर वळवा आणि दवाखान्यात न्या. कांदा राहू द्या भाजीसाठी.

कॅज्युअल्टीत ग्लुकोजवर शुद्ध आली तेव्हा मला वाटलं, आता घरी सोडतील. पण आयसीयूत हलवलं. या गोळीचा अंमल लांबतो म्हणाले. आणि खरंच दुपारी ग्लुकोज चालू असताना साखर पुन्हा घसरली. मी बाहेर बाकावर. काचेतून नर्स धावताना दिसली आणि कुठल्या पलंगाकडे धावतेय ते दिसेना. तेवढा वेळ मी कुठल्याही देवाचं नाव घेतलं नाही. मी त्या पोरट्या ट्रेनरला शिव्या घालत होते.

संध्याकाळी तोच आला, हातात केळ्यांचा घड घेऊन. मी म्हटलं, “मेल्या, ही सकाळी द्यायची होतीस!” तो रडायलाच लागला. “काकी, मला माहीतच नव्हतं काकांना शुगर आहे. आम्ही सगळे तसंच करतो, मीपण उपाशीच करतो.” खोटं बोलत नव्हता. पण विचारलंही नव्हतं त्याने. मी केळी घेतली नाहीत.

पालीहून वन्सं आल्या, ह्यांची मोठी बहीण. त्यांचं म्हणणं, “ह्या वयात हवीत कशाला ही थेरं? आमचा भाऊ सोन्यासारखा होता.” म्हणजे जसं काही मीच त्याला ट्रेडमिलवर चढवलं! भेटायला येणाऱ्या प्रत्येकाचं एक मत होतं. एक म्हणे व्यायामाआधी खजूर खावा, एक म्हणे पोटभर खावं, एक म्हणे व्यायामच वाईट. आयसीयूच्या दारात उभं राहून लोकांना इतकं बोलवतं कसं, देव जाणे.

शेवटी मीच राउंडला आलेल्या मोठ्या डॉक्टरांना विचारलं, “व्यायामाआधी खायचं की नाही, एकदाचं सांगा.”

ते म्हणाले, “निरोगी माणूस रिकाम्या पोटी तासभर चालला तर सहसा काही बिघडत नाही. त्याचं शरीर सांभाळून घेतं. खाऊन गेला तरी चालतं, फक्त पोट जड नको. पण ही गोळी घेणाऱ्याने उपाशी व्यायाम करायचाच नाही. आणि न्याहारीच्या आधी म्हणजे ताट समोर आल्यावर. ताट नाही तर गोळी नाही. उपासाच्या दिवशी काय करायचं ते आधी आम्हांला विचारायचं.”

एवढंच. सांगायला एक मिनिट लागलं. हे एक मिनिट आधी कोणाजवळ नव्हतं. मी तसं म्हटलं त्यांना. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या पलंगाकडे गेले.

खांद्याचं नाव पोस्टिरियर डिसलोकेशन. झटक्यात स्नायू इतके आवळतात की हाड सांध्यातून मागच्या बाजूला निसटतं. ह्यांचं निसटलं आणि वर तडकलंही. ऑपरेशन झालं. प्लास्टर नाही, पट्टा, मग महिनोन् महिने फिजिओथेरपी. हात खांद्याच्या वर जाईना. आता थोडा जातो, पण पातेलं उचलवत नाही.

मुंबईच्या मेडिकलची तारीख पुढे ढकलून घेतली. मीही बरोबर गेले. तिथे आधी वजन केलं, बरोबर भरलं. साखरही नवीन औषधावर चांगली आली. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, जरा हसले. मग डॉक्टरने हात वर करायला सांगितला आणि मागची कागदपत्रं वाचली.

“शुद्ध हरपली होती, झटके आले होते. बोट हलत असताना उकळत्या तेलापाशी असं झालं तर? आणि हा हात. मी फिट लिहू शकत नाही, मयेकर.”

“मग कधी?” ह्यांनी विचारलं.

“वर्षभर काही झालं नाही, हात सुधारला, तर पुन्हा बघू.”

‘पुन्हा बघू’ म्हणजे काय असतं ते ह्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. ज्या दोन गोष्टींसाठी जीव टांगणीला लावला होता त्या दोन्हींत पास, आणि त्या पास होण्याच्या नादात बोट गेली. येताना एसटी संगमेश्वरला थांबली तरी हे खाली उतरले नाहीत.

जिम चालू आहे. त्या पोराने आता फॉर्ममध्ये औषधांचा रकाना घातला आहे असं ऐकते. चांगलं केलं. आमच्या काही कामाचं नाही.

लोक म्हणतात, जीव वाचला हे मोठं. आहेच. डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न तो विचारला नसता तर मी आज ह्यांचा फोटो पुसत बसले असते. त्यांच्या पाया पडले मी, आजही पडेन. पण वाचला म्हणजे सगळं जागेवर आलं असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्या घरी एक सकाळ येऊन बसावं.

दवाखान्यातून आल्यावर पहिल्या सकाळी मी ह्यांच्यासमोर ताट ठेवलं. नाचणीची भाकरी, अंडं, बाजूला नवीन गोळी. हे नुसते बघत राहिले. म्हटलं, खा, थंड होतंय. तर म्हणाले, “अजून कोणी जेवलं नाही.” बोटीवर कुक शेवटी जेवतो. इंजिनपासून डेकपर्यंत सगळ्यांची ताटं गेली की मग उरेल ते, उभ्या उभ्या. इतकी वर्षं भुकेकडे लक्षच द्यायचं नाही अशी ह्यांची सवय. म्हणून तर पहाटे रिकाम्या पोटी धावताना ह्यांना काही वेगळं वाटलं नसणार. मला हे सगळं तेव्हा कळायला हवं होतं. पण मी दमले होते, चिडले होते, आणि तोंडातून निघून गेलं, “ही बोट नाही. गिळा मुकाट्याने.”

ह्यांनी डाव्या हाताने भाकरी मोडली. खाल्ली सगळी. मग खालमानेने म्हणाले, “सवय होईल.”