बाबांच्या बोटांतली नाणी

माझे बाबा खाडीतले कोळी. उरणच्या बाजूला त्यांची स्वतःची लहान होडी होती. खाडीत भराव पडत गेला, मासळी आटली, तेव्हा त्यांनी होडी विकली आणि द्रोणागिरीच्या एका गोदामावर राखणदाराची नोकरी धरली. साखरेचा आजार त्यांना चाळिशीतच लागला होता, पण त्यांनी तो कधी मनावर घेतला नाही. आई मासळी विकून आली की त्यांना पथ्यावरून ओरडायची आणि ते हसून चहात साखर घालून घ्यायचे.

आई गेली आणि पुढच्याच वर्षी बाबांच्या डोळ्यांच्या पडद्यात रक्त उतरलं. आधी एक डोळा गेला, मग दुसरा. लेसर झालं, इंजेक्शनं झाली. शेवटी डॉक्टरांनी मला बाजूला बोलावून सांगितलं, की यापुढे उजेड आहे की अंधार, एवढंच त्यांना कळेल. मी ते बाबांना त्याच दिवशी सरळ सांगितलं.

मी त्यांना गावच्या घरातून सुकापूरला माझ्याकडे आणलं. तिसऱ्या मजल्यावरचं माझं वन रूम किचन आहे. लग्न झालेलं नाही, एकटीच राहते, पनवेल डेपोत कंडक्टर आहे. सकाळी बाबांच्या हाताशी पाण्याची बाटली, डबा आणि रेडिओ ठेवून मी ड्यूटीवर जायचे. शेजारच्या वहिनी दुपारी एकदा डोकावायच्या. संध्याकाळी मी परत यायचे तेव्हा बाबा सकाळी बसवलेल्या खुर्चीतच असायचे. रेडिओसुद्धा बहुतेक वेळा लावलेला नसायचा.

"जेवलात का?"

"हां."

"काय करत होतात?"

"काय करनार?"

एवढंच बोलणं. आयुष्यभर वाऱ्यावर आणि पाण्यावर काढलेला माणूस मी चार भिंतींत आणून ठेवला होता. गावी ठेवलं असतं तर त्यांना पाहायला कोणी नव्हतं. दुसरा इलाज नव्हता हे खरं, तरी दाराला बाहेरून कडी घालताना रोज मला अपराधी वाटायचं.

एका उरण फेरीत एका म्हाताऱ्या बाईने लुगड्याच्या गाठीतून सुट्टे काढून दिले. आता बहुतेक लोक मोबाईल पुढे करतात, त्यामुळे बॅगेत नाणी कमीच येतात. त्यात दोन रुपयांचं एक जुनं नाणं होतं. गोल नव्हतं, कडेला कोन होते. लहानपणी अशी खूप पाहिली होती, अलीकडे दिसत नव्हती. मी माझ्या पर्समधलं एक नाणं बॅगेत टाकलं आणि ते ठेवून घेतलं. का ठेवलं, ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं.

घरी आल्यावर किल्ल्या आणि नाणी टेबलावर ओतली. बाबांचा हात टेबलावरच होता. आवाजाच्या दिशेने त्यांनी तो सरकवला आणि नेमकं ते नाणं उचललं.

"ह्याला कोन हायेत."

"हो. जुना दोन रुपया आहे."

"थांब, सांगू नको." त्यांनी एका कोनावर डाव्या अंगठ्याचं नख रोवलं आणि उजव्या बोटाने एकेक कोन मोजत गेले. मध्येच चुकले. पुन्हा नख रोवून पहिल्यापासून सुरुवात केली. "अकरा. बारा नाय, अकराच."

मीही मोजले. अकराच होते. इतकी वर्षं नाणी हाताळून मला ते ठाऊक नव्हतं.

मग त्यांनी नाण्याचा मधला भाग चाचपला. "आनी हे काय? चिंबोरीसारकं लागतंय."

"खेकडा नाही, बाबा, तो भारताचा नकाशा आहे!"

ते हसले. खदखदून, खांदे हलवून हसले. आई गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

त्या संध्याकाळी ते आईबद्दल बोलले. पहाटे बाजारात बसायची तेव्हा अजून उजाडलेलंही नसायचं, पण तिला नाणं डोळ्यांनी बघावं लागायचं नाही. गिऱ्हाइकाने हातावर टेकवलं की अंगठा फिरवून सांगायची, चार आणे की आठ आणे. "मी तिला म्हनायचो, तुज्या बोटांना डोळे हायेत. आता माज्या बोटांना फुटले बग."

नाणी जमवायला आम्ही अशी सुरुवात केली. मला त्यातलं काहीच कळत नव्हतं. डेपोतल्या मैत्रिणींना सांगून ठेवलं, घराघरांतल्या डब्यांतून, देव्हाऱ्यातून, जुन्या पर्सच्या कप्प्यांतून नाणी आली. पाच पैशांचं चौकोनी, वीस पैशांचं सहा कोनांचं, फुलासारख्या कडेचं दहा पैशांचं, गेंड्याच्या चित्राची चार आण्यांची पावली. बरीचशी काळी पडलेली, चिकट. बाबांच्या हाताला स्वच्छ लागावीत म्हणून एका रविवारी मी ती सगळी चिंच आणि मीठ लावून घासली, वर राखेचा हात फिरवला. चांदीसारखी लखलखली. मोठ्या कौतुकाने मी ती जुन्या पनवेलमधल्या एका घड्याळवाल्या चाचांकडे घेऊन गेले. ते घड्याळं दुरुस्त करतात आणि जुनी नाणीही ठेवतात, असं कोणीतरी सांगितलं होतं.

जिन्याखालचं हातभर दुकान. चाचांनी डोळ्याला काच लावली, एक नाणं पाहिलं, दुसरं पाहिलं आणि काच काढून माझ्याकडे बघत राहिले.

"बेटी, ही तू धुतलीस?"

"हो. फार घाण होती."

"घाण नव्हती ती. ती त्यांची उमर होती. घासून काढलीस, आता परत येणार नाही." मग माझा चेहरा पाहून नरमले असावेत. "पहिल्यांदा सगळेच धुतात. मीपण धुतली होती. मेरे अब्बा ने कान खींचा था."

त्यांनी मला शिकवलं. नाणं कडेने धरायचं. प्लास्टिकच्या पिशवीत कोंबायचं नाही, कागदाच्या लहान पाकिटात ठेवायचं. ओल लागू द्यायची नाही. सालाच्या खाली बारीक खूण असते, तिच्यावरून नाणं कुठल्या टांकसाळीत पडलं ते कळतं; पत्त्यांतल्यासारखी चौकट असली तर मुंबई, चांदणी असली तर हैदराबाद. कशासाठी जमवतेस असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी बाबांबद्दल सांगितलं. चाचांनी खणातून भोकाचा पैसा काढून माझ्या हातावर ठेवला. "हे अब्बांना दे. आणि त्यांना कडेने धरायला सांगू नकोस. त्यांनी हवं तसं धरावं."

भोकाचा पैसा बाबांनी करंगळीच्या टोकाला अडकवून पाहिला. "असा एक माज्या करगोट्यात व्हता. ल्हानपनी. खाडीत पोहताना सुटला आनी गेला."

पुढचं वर्षभर आमच्या घरात रोज संध्याकाळी हा खेळ चालला. मी नाणं हातावर ठेवायचे, ते ओळखायचे. ओळखलं की त्या नाण्याचं काय यायचं ते सांगायचे. दहा पैशांत बर्फाचा गोळा. चार आण्यांत होडीच्या दिव्याची वात. मी वहीत लिहून ठेवायचे. दुपारी वहिनींनाही ते नाणी दाखवायला लागले. वहिनी म्हणाल्या, "तुमचे बाबा किती बोलतात हो, मला वाटलं होतं मुके आहेत की काय."

मग पावसाळ्यात एकदा त्यांनी पाचाच्या नाण्याला दोन म्हटलं.

मी "बरोबर" म्हणाले. सहज तोंडातून गेलं. दिवसभराचे दमले असतील, असं वाटलं. दोन दिवसांनी पुन्हा चुकले. चौकोनी पाच पैशांना सहा कोनांचं म्हणाले. मी पुन्हा "बरोबर" म्हणाले. हळूहळू बरोबर ओळखलेली नाणी कमी आणि माझे खोटे होकार जास्त होत गेले. ते नाणं हातात जास्त वेळ धरायचे, चोळायचे, नख लावून बघायचे आणि मग एखाद्या मुलाने फळ्यासमोर उत्तर द्यावं तसं चाचरत सांगायचे. मी आवाजात उत्साह आणून शाबासकी द्यायचे.

एकदा सकाळी चहाचा ग्लास त्यांनी हातात धरला आणि सोडला नाही. मी पाहिलं तर बोटं लाल झाली होती. संध्याकाळपर्यंत दोन फोड आले. त्यांना चटका बसलाच नव्हता. डॉक्टर म्हणाले, साखरेने नसा मरतात. पायांच्या आधीच मेल्या आहेत, आता हातांच्या.

"परत येतात का?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली. "जपायचं. गरम वस्तू हातात द्यायची नाही."

खेळ थांबवायला हवा होता, पण मला धीर झाला नाही. थांबवलं असतं तर का थांबवलं ते सांगावं लागलं असतं. म्हणून मी खोटं बोलत राहिले.

गणपती होऊन गेल्यावरची गोष्ट. मी ड्यूटीवरून आले, हातपाय धुतले. बाबा टेबलाशी बसलेले. आज त्यांनीच मूठ पुढे केली.

"आज मी देतो, तू बग. रुपया हाय का नाय?"

त्यांनी मूठ उघडली. मी तेव्हा गॅसकडे तोंड करून भात लावत होते. मागे वळून नीट पाहिलंच नाही. "हो हो, रुपयाच आहे. बरोबर ओळखलंत."

कुकरचं झाकण लावलं आणि मी वळून पाहिलं. त्यांच्या तळहातावर त्यांच्या जुन्या पॅन्टचं काळं बटण होतं.

"वयनीकडून तोडून घेतला दुपारी," ते म्हणाले. "कवापासून खोटं बोलतेस?"

मी खुर्चीत बसले. "पावसाळ्यापासून."

"सगळंच चुकत व्हतं?"

"सगळं नाही, बाबा."

"आता पन खोटं बोलतेस."

ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी बटण टेबलावर ठेवलं, ते घरंगळून खाली पडलं. कुकरच्या शिट्ट्या झाल्या. मी रडत होते ते त्यांना ऐकू येत होतं. खूप वेळाने म्हणाले, "डोळे गेले तवा तू मला सरळ सांगितलंस. मंग आता का नाय?"

कदाचित डोळे गेले तेव्हा मला वाटत होतं, की अजून काहीतरी शिल्लक आहे.

आठवडाभर त्यांनी नाण्यांचं नाव काढलं नाही. मग एका संध्याकाळी मी येऊन पाहते, तर त्यांनी डबा उघडला होता आणि एक नाणं ओठांना लावून बसले होते. मी घाबरले, गिळतात की काय! "बाबा!"

"गप," ते म्हणाले. खालच्या ओठावर नाणं हळूच फिरवलं. "दहा पैसे. फुलाचा. सांग, आनी खरं सांग."

दहा पैशांचंच होतं.

"ओठांना कळतंय अजून," ते म्हणाले. आवाजात आनंद नव्हता, पण एक हट्ट होता.

मग आम्ही तसं करायला लागलो. मी प्रत्येक नाणं उकळलेल्या पाण्यात बुडवून पुसून द्यायचे. ओल लावू नको असं चाचांनी बजावलं होतं, ते मला आठवत होतं. पण जमवायची कोणासाठी आणि जपायची कोणासाठी, हा हिशेब मी केव्हाच सोडून दिला होता. चुकले तर मी "चुकलं" म्हणायचे. ते मान डोलावून पुन्हा नाणं ओठांवर न्यायचे.

थंडीत त्यांची मूत्रपिंडं थकली. पनवेलच्या एका दवाखान्यात त्यांना नऊ दिवस ठेवलं. रजा टाकून मी जवळच बसायचे. पाचव्या-सहाव्या दिवशी ते थोडे हुशारीत होते, म्हणून मी पर्समधून भोकाचा पैसा काढला, पुसला आणि त्यांच्या ओठांशी नेला. त्यांनी तोंड बाजूला फिरवलं.

"नको आता."

"बरं, नको."

"रागावू नको हां," ते म्हणाले. "दमलो मी."

त्यानंतर आमचं जे बोलणं झालं ते पाणी, लघवी, उशी एवढ्यापुरतंच. नवव्या दिवशी सकाळी नर्स नळी बदलायला आली, तेव्हा ते गेलेले होते. मी शेजारच्या स्टुलावर बसून चहा पीत होते आणि मला कळलंही नव्हतं.

दिवसकार्य आटोपल्यावर मी एकदा डबा घेऊन चाचांकडे गेले. त्यांनी डोळ्याला काच लावून एकेक नाणं पाहिलं. कित्येकांवर हिरवे, काळे डाग धरले होते. भोकाच्या पैशाची तर एक बाजू पार हिरवी झाली होती. ते ओरडतील असं मला वाटलं. त्यांनी नवी कागदी पाकिटं काढली आणि एकेक नाणं त्यात घालत बसले. सगळी भरून झाल्यावर डबा माझ्याकडे सरकवला. "दुसरी आणून देऊ का, बेटी? साफ वाली?"

"नको," मी म्हणाले.

त्यानंतर मी नाणी जमवलेली नाहीत. डबा कपाटात आहे. वही मी एकदाच उघडली होती. होडीच्या दिव्याच्या वातीपर्यंत वाचलं आणि मिटून ठेवली. फेरीत अजूनही कधीमधी एखादं वेगळं नाणं बॅगेत येतं. अंगठा त्याच्यावरून आपोआप फिरतो, कोन लागतात. मी ते पुढच्या प्रवाशाला तिकिटाबरोबर सुट्टे म्हणून देऊन टाकते, आणि पुढे सरकते.