धुराड्याच्या बंगल्यावरचं लग्न

आमच्या घरी पावसाळ्यात जो भात शिजायचा, तो आईच्या गळ्यावर मिळवलेला असायचा. बाबा मिठागरात कामाला. मिठाचं काम दिवाळीनंतर सुरू होतं आणि पाऊस पडला की बंद. मग चार महिने बाबा ओसरीवर बसून टाचांच्या भेगांत कोकमतेल भरत राहायचे. आई धवलारीण. आम्हा आगरी लोकांत लग्न लावायचं ते धवलारणीने, धवला गाऊन. मांडवाच्या खांबापासून गावदेवीपर्यंत एकेकाला ती नावानिशी बोलावते, आणि अक्षता पडल्या तरी तिचं संपत नाही. पुढे भटजी आले, पण तिची जागा हलली नाही. गाण्याबद्दल तिला तांदूळ, नारळ आणि चोळीचा खण मिळायचा. लग्नसराईतले तांदूळ डब्यात भरून ठेवायचे आणि आषाढ-श्रावणात खायचे. ज्या वर्षी गावात लग्नं कमी, त्या वर्षी आम्ही पेज प्यायलो. मी बी.कॉम. झाले ती या तांदळावर. घरातली पहिली. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते.

शेतं आधीच गेली होती, मागून मिठागरंही गेली. तिथे बिल्डिंगी उभ्या राहिल्या, आणि आमच्यातल्या ज्यांना जमिनीच्या बदल्यात प्लॉट मिळाले त्यांच्याकडे ते विकून डंपर आले. डंपर आले की माणसाला आपल्या दारातला मांडव लहान वाटायला लागतो. खरं सांगायचं तर दारही उरलं नव्हतं. प्रत्येकाने अंगण खाऊन भाड्याच्या खोल्या काढल्या होत्या. मग नव्वदीत टूम निघाली, लग्न फार्महाऊसवर.

पनवेलच्या पुढे कुणा मुंबईच्या शेटने एक बंगला बांधला होता. विलायती पद्धतीचा, म्हणे. छपरावर विटांचं धुराडं. आमच्याकडे मे महिन्यात माणूस नुसता बसला तरी घामाने निथळतो, आणि या शेटने घर गरम करायची सोय केलेली! पुढे लॉन, त्यावर पाटी, ‘कृपया गवतावर चालू नये’, आणि त्याच गवतावर आठशे माणसांचं जेवण. कोपऱ्यात फोटोसाठी एक रंगवलेली बैलगाडी. बाबांनी तिचं जू हाताने चाचपून पाहिलं आणि म्हणाले, “ही कोनी जुपली तं बैल फोटूतच मरंल.” सगळ्या फार्महाऊसवर कोथिंबिरीची काडीसुद्धा पिकत नव्हती. ज्यांची भातशेती गेली, त्यांनी तासाच्या भाड्याने दुसऱ्याच्या गवतावर उभं राहायचं, आणि वर मिरवायचं.

तिथलं पहिलं लग्न मी पाहिलं ते आईबरोबर गेले म्हणून. आमच्याच गावातल्या एका घरचं. आईने धवला धरला आणि दहा मिनिटांत टाय लावलेला मॅनेजर आला. “आंटी, जरा शॉर्टमध्ये घ्या. मुहूर्ताला आतषबाजी आहे.” आईला शॉर्ट म्हणजे काय ते माहीत नव्हतं. तिने गावदेवीचं नाव घेतलं आणि तेवढ्यात पलीकडे धाडधाड सुरू झालं. मे महिना, संध्याकाळचे सहा वाजायचे होते, अजून लख्ख ऊन. आठशे माणसं कपाळावर हात धरून वर बघत होती. एक चांदणी दिसली असेल तर शपथ! नुसता धूर. माझ्या शेजारचे एक काका खोकत खोकत म्हणाले, “पैसा वसूल!” मी त्यांच्याकडे पाहिलं. ते गंभीरपणे म्हणत होते.

आई गायची थांबली होती. मी तिला मध्येच थांबलेली त्याआधी कधी पाहिली नव्हती. परतताना टेम्पोत ती एवढंच बोलली, “देवीला बोलावली नि अर्ध्यावर सोरली. आता या बंगल्यावर मी नाय यायची. कुनाच्याबी लग्नाला.”

वर्षाच्या आत माझंच लग्न ठरलं. मुलगा पोस्टात नोकरीला, सरळ. सासरे डंपरवाले. त्यांनी आम्हाला न विचारता तोच बंगला घेतला. वर बाबांना सांगितलं, खर्च आमचा, तुमी फक्त या. आई मला म्हणाली, “तू जा. हलदीच्या दिवशी मी घरी धवला बोलन, तो तुला लागंल.” म्हणजे गावातल्या सगळ्या पोरींची लग्नं जिने लावली, ती स्वतःच्या पोरीच्या लग्नाला घरी बसणार. मी रडले नाही. मला राग आला.

जागा दाखवायला सासऱ्यांनी आम्हाला नेलं, तेव्हा मी बाबांबरोबर मुद्दाम गेले. सासूबाईही होत्या. मॅनेजर तोच, टायही बहुतेक तोच. मी धवल्याचं विचारलं.

सासरे म्हणाले, “अगो, धवला-बिवला घरी उरकून घ्या. इथं मोठी मानसं येनार.”

“मामा, तुमचं लग्न कोणी लावलं?”

सासूबाईंनी उत्तर दिलं. “धवलारनीनं, आनि कोनी? सांज झाली तरी तिचं संपना. हे भुकेनं पाटावरच डुलत व्हते.”

बाबा मोठ्याने हसले. मी मॅनेजरकडे वळले. “मुहूर्त सहा पाचचा. फटाके कधी?”

“मुहूर्तालाच मॅडम. पॅकेजमध्ये तसंच असतं.”

“आणि मे महिन्यात सूर्य कधी मावळतो? तेही पॅकेजमध्ये आहे का?”

तो डायरी उघडून बघायला लागला. मी सासऱ्यांना सांगितलं, “मामा, मागच्या मेमध्ये मी याच लॉनवर बघितलंय. नुसता धूर दिसतो. तुमची मोठी माणसं खोकत जेवतील.”

“काय रं, खरा हाय का?”

“सर, थोडं लाइट असतं त्या टायमाला, पण आवाज एकदम...”

“आवाज तं माज्या डंपरचा पन येतो!” सासरे भडकले. त्यांना मोठ्या माणसांना काहीतरी दाखवायचं होतं, आणि दाखवायला अंधार लागतो हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

मी म्हटलं, “धवला अंधार पडेपर्यंत चालतो. तो पुरा झाला की खुशाल लावा. मध्ये एक टिकली जरी वाजली, तर मी पाटावरून उठेन.”

“ऐकलंस?” सासरे बायकोला म्हणाले. “पोराला बायको बगाला गेलो नि वकील घेऊन आलो. टेन्शनच हाय.” पण कबूल झाले.

आईचा विश्वास बसेना. “शबूद कोनी दिला?”

“मामांनी. आणि मी.”

“तू तं पाटावर बसनार. तुज्या हातात काय?”

“उठणं.”

तिने हातातलं तांदळाचं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, “माइक नको.”

लग्नाच्या दिवशी आई त्या गवतावर सतरंजी टाकून बसली, गावच्या चार बायका मागे घेऊन. सुटातली मंडळी थोडा वेळ उभी राहिली, मग आइस्क्रीमच्या टेबलाकडे सरकली. जाऊ देत. सहा पाचला अक्षता पडल्या, आई गातच होती. साडेसहाला मॅनेजर घड्याळ दाखवत यायला लागला, तर बाबांनी त्याला वाटेतच खुर्चीवर बसवला आणि हातात लाडू दिला. “बस. खा. तिला थांबवाची न्हाय.” गाण्यात गावदेवी आली, तिच्यामागून सगळे आले. कुणीही अर्ध्यावर राहिलं नाही. साडेसात होऊन गेल्यावर आईने शेवटचं कडवं म्हटलं आणि पाणी मागितलं. त्यानंतर म्हणे आकाशात खूप काही उडालं. मी जेवत होते.

माझं लग्न माझ्या आईने लावलं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत.